‘खा लाडू’ की ‘रवा लाडू’? बालचित्रपुस्तकासाठी पाच मोफत देवनागरी फॉन्टची पारख

पहिलीतल्या मुलापुढे ‘रवा लाडू’ असं छापलेलं पान ठेवा. फॉन्टमध्ये ‘ख’चा खालचा जोड ठसठशीत नसेल, किंवा ‘र’ आणि ‘वा’ एकमेकांना चिकटले असतील, तर ते पोर खुशाल ‘खा लाडू’ वाचणार. त्यात त्याची चूक काहीच नाही. मोठा माणूस संदर्भावरून शब्द ओळखतो, नुकतं वाचायला लागलेलं मूल अक्षर बघतं आणि अक्षरावरच अडतं. पण चित्रपुस्तकात फॉन्टची वेळ येते ती सगळ्यात शेवटी. चित्रं झाली, मजकूर झाला, प्रेसची तारीख ठरली, की मग कुणीतरी म्हणतं, ‘आता काहीतरी गोंडस टाका.’ गोंडसपणा अक्षरात नसला तरी चालतं, तेवढ्यासाठी चित्रं आहेत.

नाशिकमधून स्वतःच्या हिमतीवर चित्रपुस्तक काढणारे शिक्षक, चित्रकार आणि छोटे प्रकाशक डोळ्यांसमोर ठेवून ही पारख केली आहे. फॉन्ट पाच: मुक्ता, तिरो देवनागरी मराठी, बालू २, कलम आणि मोदक. पाचही युनिकोड आहेत (म्हणजे कुठल्याही संगणकावर मजकूर तोच राहतो), गूगल फॉन्ट्सवर मिळतात आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे ते वापरून पुस्तक छापा, विका, कुणाला पैसे द्यायचे नाहीत की परवानगी मागायची नाही. फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही. पुस्तक धरलं आहे ८ × ८ इंच, २४ पानं, मधोमध पिन, आतली पानं १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) मॅट आर्ट पेपरची. या आकाराची दोन पानं मिळून १६ × ८ इंच होतात आणि ब्लीडसकट, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेल्या चित्रासकट, १२ × १८ इंची डिजिटल शीटवर आरामात बसतात. त्यामुळे पाच फॉन्टची पाच पानं खऱ्या मापात छापून बघायला गावातलं कुठलंही बऱ्यापैकी डिजिटल प्रिंटचं दुकान पुरतं. पडद्यावर बघून फॉन्ट ठरवू नका. पडद्यावर सगळेच छान दिसतात.

कसोटीचा मजकूर हा:

‘त्र्यंबकच्या दऱ्यांतून गोदा निघाली, लाल शाल पांघरून द्राक्षांच्या मळ्यापाशी थांबली. घारीने पाण्याची धार बघितली आणि म्हणाली, खा लाडू, रवा लाडू!’

वाक्याला अर्थ फारसा नाही, पण त्यातलं एकेक अक्षर मुद्दाम घातलेलं आहे. ‘त्र्यं’मध्ये त, र, य आणि टिंब असे चौघे एकत्र येतात. कच्चा फॉन्ट इथे ‘त्र’चा पाय मोडून ‘य’ शेजारी ठेवतो. ‘दऱ्या’मधला आडवा र आला नाही तर ‘दर्या’ होतो आणि गोदावरी डोंगरातून निघण्याऐवजी समुद्रातून निघते. ‘घार’ आणि ‘धार’ यांत वाचकाच्या हाती काय असतं? ‘ध’च्या डोक्यावरची शिरोरेषेतली फट आणि डावीकडची छोटी गाठ, बस. ‘भात’ आणि ‘मात’चंही तेच. फॉन्टचं वजन, म्हणजे रेषेची जाडी, वाढेल तशी ही फट अरुंद होत जाते, आणि कागदावर शाई पसरली की आणखी थोडी बुजते. ‘लाल शाल’ कशासाठी, ते पुढे येईल.

पहिला मुक्ता. हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट. रेषेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी, पोटं मोकळी, आणि वजनं सात: एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत. चित्रपुस्तकाच्या मुख्य मजकुराला या पाचांत हाच सगळ्यात भरवशाचा. रेषा एकसारखी असण्याचा फायदा कागदावर कळतो. बारीक रेषा तुटत नाही, जाड रेषा डबडबत नाही. सात वजनांचा फायदा मात्र चित्रपुस्तकातच खरा कळतो, कारण इथे मजकूर नेहमी पांढऱ्या कागदावर नसतो. पांढऱ्यावर काळं छापायला रेग्युलर किंवा मीडियम पुरतो. तेच वाक्य रात्रीच्या निळ्या आकाशावर पांढऱ्यात घेतलं की चारी बाजूंनी शाई आत सरकते आणि अक्षर बारीक होतं. तिथे सेमीबोल्ड घ्यायचं. दोन्ही पानं शेजारी ठेवली की अक्षर एकाच जाडीचं वाटतं. एकाच वजनाच्या फॉन्टमध्ये ही सोय नाही.

मुक्ताबद्दल तक्रार आहे ती चेहऱ्याची. अक्षर सुबक आहे, पण जरा ऑफिसातलं. बातम्या, फॉर्म, मोबाइलचे मेनू यांतलं वळण. हळवी, जुन्या वळणाची गोष्ट असेल तर पानावर तो कोरडा पडतो. आणि लाइट वजनांच्या मोहात पडू नका. आर्ट पेपरवर ती देखणी दिसतात, पण खिडकीपासून लांब बसलेल्या मुलाला ती वाचता येत नाहीत.

आता माप. मूल स्वतः वाचणार असेल तर मुक्ता २६ ते ३० पॉइंट. आई-बाबा किंवा आजी वाचून दाखवणार असतील तर १८ ते २० पॉइंट भरपूर झाले. हा फरक फार लोक करत नाहीत. तीन वर्षांच्या मुलासाठीचं पुस्तक म्हणून ३६ पॉइंट टाकतात, चित्राचा गळा घोटतात, आणि वाचणारी असते चष्मा लावलेली आजी, जिला २० पॉइंट सहज दिसतात. इंग्रजी पुस्तकांतून उचललेले आकडेही इथे लागू पडत नाहीत. देवनागरीत वर वेलांटी, रफार, टिंब आणि खाली उकार यांना जागा ठेवावी लागते, म्हणून त्याच पॉइंटमध्ये अक्षराचं मुख्य अंग लहान होतं.

सगळ्यात जास्त पानं बिघडतात ती लीडिंगने, म्हणजे दोन ओळींमधल्या अंतराने. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरचं ऑटो लीडिंग १२० टक्के असतं. २६ पॉइंटला ते ३१.२ होतं. आता वरच्या ओळीत ‘लाडू’ आला आणि बरोबर त्याच्याखाली ‘मैत्रिणींनी’ आलं, की ‘डू’चा दीर्घ उकार खालच्या वेलांटीवर आणि टिंबावर बसतो. २६ पॉइंटला ४० ते ४२ लीडिंग द्या. ओळ पाच-सहा शब्दांची ठेवा, डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळी सोडा. दोन्ही बाजूंनी ताणून सरळ केली तर शब्दांमध्ये खड्डे पडतात, आणि नवा वाचक त्या खड्ड्यात बोट ठेवून थांबतो. ओळ तोडायची ती अर्थाने: ‘गोदा निघाली’ एका ओळीत, ‘लाल शाल पांघरून’ दुसऱ्या ओळीत. ‘लाल’ वर आणि ‘शाल’ खाली असं नको.

दुसरा तिरो देवनागरी मराठी, म्हणजे तिरो टाइपवर्क्सचा. मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या अभिजात भारतीय साहित्याच्या ग्रंथमालेसाठी जे टाइप केले गेले, त्यांतून हे कुटुंब आलं. त्यात हिंदी, संस्कृत आणि मराठी असे वेगळे फॉन्ट आहेत. इथे ‘लाल शाल’चा मुद्दा येतो. मराठी शाळेत मूल पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतं. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या लिपीविषयक निर्णयातही हीच वळणं आहेत. हिंदी वळणाचा ल आणि श मोठ्यांना खटकतसुद्धा नाही, पण पहिलीतलं मूल ‘हे काय?’ म्हणून थांबतं. तिरोचा मराठी फॉन्ट घेतला की हा प्रश्नच उरत नाही, मूळ अक्षरच मराठी वळणाचं आहे. इतर काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा बघून बदलतात. नोटो सान्स देवनागरी हे त्याचं सोपं उदाहरण. भाषा हिंदी असेल तर एक ल, मराठी असेल तर दुसरा. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करणं ही पहिली पायरी समजा. तरीही अक्षर बदललं नाही तर ग्लिफ्स पॅनल (फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी खिडकी) उघडून दुसरं वळण आहे का ते बघा. तिथेही नसेल तर तो फॉन्ट छोट्यांच्या पुस्तकासाठी बाद.

तिरो दिसायला फार देखणा. जाड-बारीक रेषांचा खेळ, बोरूच्या वळणाची आठवण, जुन्या छापील पोथी-पुस्तकांच्या जवळ जाणारं अक्षर. जोडाक्षरं तर पाचांत सर्वांत सुंदर, ‘द्राक्षां’ आणि ‘त्र्यंबक’ बघतच राहावं असं. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, लोककथेसाठी, मोठ्यांनी वाचून दाखवायच्या पुस्तकासाठी डोळे मिटून घ्या. पण अडचणी दोन. वजन एकच, सोबत फक्त तिरका, आणि मराठीत तिरक्या अक्षराची मुलांना सवय नाही, तो विसरूनच जा. दुसरी अडचण बारीक रेषांची. रंगीत चित्रावर पांढऱ्यात तिरो छापला आणि प्लेटा (एकेका रंगाचे छपाईचे पत्रे) केसभर सरकल्या, की या रेषा आधी जातात. तिरो वापरायचा तर चित्रकाराला सुरुवातीलाच सांगा की प्रत्येक पानावर मजकुरासाठी फिकट, शांत जागा सोड. मागाहून चित्रावर पांढरा चौकोन चिकटवणं म्हणजे भिंतीवर ‘टू-लेट’ची पाटी लावणं.

बालू २ हाही ‘एक टाइप’चाच. गोलमटोल, ठेंगणा, मूळचा शीर्षकासाठी केलेला फॉन्ट. नव्या आवृत्तीत रेग्युलर ते एक्स्ट्रा बोल्ड अशी पाच वजनं आहेत. (याची भावंडं इतर लिप्यांत आहेत आणि नावं मोठी गोड: गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, तमिळमध्ये बालू थंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन. दोन भाषांत पुस्तक काढायचं असेल तर त्याचा खरा उपयोग आहे, दोन्ही पुस्तकांचा चेहरा एकच राहतो.) मुखपृष्ठाला, गोष्टीच्या नावाला आणि आवाजांच्या शब्दांना बालूसारखा दुसरा नाही. ‘धप्प!’, ‘खळ्ळ्’, ‘डुबुक्’ हे शब्द ६० पॉइंटला बोल्डमध्ये चित्रात सोडले की पान बोलायला लागतं. पण पानभर मजकूर बालूत नको. रेग्युलर वजनही मुक्ताच्या रेग्युलरपेक्षा भरीव दिसतं. चार ओळींच्या पुढे पान काळं पडतं आणि चित्राशी भांडतं. एका पानावर एक वाक्य असलेल्या पुस्तकात मात्र रेग्युलर किंवा मीडियम चालून जातो. मुक्ता मजकुराला आणि बालू शीर्षकाला ही जोडी चांगली जमते, दोन्ही एकाच घरचे असल्याचा फायदा होत असावा.

कलम हा इंडियन टाइप फाउंड्रीचा, हस्ताक्षरी वळणाचा, तीन वजनांचा. ‘हाताने लिहिल्यासारखं आहे, मुलांना आवडेल’ हा याच्याबद्दलचा नेहमीचा गैरसमज. अक्षर चांगलंच तिरकं आहे. मुलं उभी अक्षरं गिरवत असताना त्यांच्यापुढे धावतं हस्ताक्षर ठेवण्यात काय हशील? गोष्टीत आजीचं पत्र असेल, वाण्याची यादी असेल, भिंतीवर खडूने काही लिहिलेलं असेल, तर तेवढ्यापुरता कलम उत्तम.

मोदकबद्दल थोडक्यात. इतका जाड की अक्षरांच्या पोटात फक्त एक चिरेसारखी रेघ उरते. मुखपृष्ठावर दोन-तीन शब्दांना, १०० पॉइंटच्या वर, धमाल. त्याखाली ‘ब’ आणि ‘व’ वेगळे करायला भिंग लागेल.

फॉन्ट निवडून झाल्यावरची एक गोष्ट संपादकाने ठरवायची असते आणि ती डीटीपीवाल्यावर सोडली जाते. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’, ‘शुद्‌ध’ असं पाय मोडून छापलेलं असतं, तर गोष्टीच्या पुस्तकांत ‘विद्यार्थी’, ‘शुद्ध’ असं जोडून. दोन्ही चालतात, पण एकाच पुस्तकात दोन्ही नकोत. पाय मोडलेलं रूप हवं असेल तर हलन्ताच्या पुढे न जोडणारं अदृश्य चिन्ह टाकावं लागतं, फॉन्ट बदलून ते येत नाही. सहा वर्षांच्या आतल्या वाचकांसाठी त्याहून सोपा उपाय आहे: जोडाक्षरंच कमी करा. नाशिकच्या पुस्तकात ‘द्राक्ष’ टाळता येणार नाही हे मान्य, पण ‘उद्ध्वस्त’ तर टाळता येईल. ‘रु’ आणि ‘रू’कडेही लक्ष द्या. यांचा उकार खाली न लागता पोटाशी लागतो, आणि लहान मापात ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येत नाहीत. ‘पाखरू’ हा शब्द छापून बघा, लगेच कळेल.

आता प्रेसची बाजू, कारण चांगला फॉन्ट इथेच मार खातो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काय किंवा गावातल्या गल्लीत काय, बऱ्याच ठिकाणी मराठी डीटीपी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीवर चालतं. त्यात वाईट काही नाही, वर्षानुवर्षं सुंदर पुस्तकं त्यावरच निघाली. पण तुमचा युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून तिकडे गेला की रफार, पहिली वेलांटी, ‘दऱ्या’मधला र आणि ‘ॲ’ हे चार ठिकाणी हमखास घोळ होतात. तुम्ही निवडलेला फॉन्टही मग उरत नाही, त्यांच्याकडचा लागतो. म्हणून मजकूर जुळवण्याचं काम स्वतःकडे ठेवा आणि प्रेसला फक्त पीडीएफ द्या.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तो नसेल तर ‘चिमणी’ची पहिली वेलांटी ‘च’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. फुकटात काम भागवायचं तर स्क्रायबस १.६ देवनागरी नीट जुळवतं. पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्ट घालायचा हट्ट करू नका. शब्दात मध्येच टिंबाटिंबांचं वर्तुळ दिसलं तर फॉन्टला दोष देण्याआधी टायपिंग बघा. मात्रेच्या आधी टिंब टाइप झालेलं असतं किंवा काना दोनदा पडलेला असतो. बालू २ डाउनलोड केल्यावर फोल्डरमध्ये एक व्हेरिएबल फाइल (सगळी वजनं एकाच फाइलमध्ये) आणि ‘स्टॅटिक’ नावाचं आतलं फोल्डर मिळतं. छपाईसाठी स्टॅटिकमधल्या फाइली वापरा, जुन्या यंत्रणा व्हेरिएबल फाइलवर अडखळतात.

पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाले आहेत का, म्हणजे फाइलच्या आत सामावले आहेत का, ते डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये बघा. तिथे मंगल हे नाव दिसलं तर कुठेतरी तुमचा फॉन्ट गळाला आहे आणि संगणकाने आपल्या मनाने भरती केली आहे. मंगल हा र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉन्ट, त्याचं काम पडद्यावरचं. प्रेसवाला पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडणार असेल तर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, बदललेली दुसरी प्रत द्या. नाहीतर उघडताना मात्रा अक्षरापासून सुटतात आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, छापून होईपर्यंत.

काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा: काळा १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य, आणि ओव्हरप्रिंट चालू, म्हणजे काळं अक्षर खालच्या रंगावरच छापलं जातं. चार रंग मिसळून केलेला काळा पडद्यावर गडद दिसतो, पण प्लेटा किंचित हलल्या की ‘ध’च्या फटीत गुलाबी-निळी झाक येते. नाशिकरोडला पोस्टाची तिकिटं छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे म्हणून गावातल्या प्रत्येक ऑफसेटने तसाच नेम धरावा, ही अपेक्षा बरी नव्हे. कापताना एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, तेव्हा ब्लीड ३ मिलिमीटर, मजकूर कडेपासून १२ मिलिमीटर आत आणि पिनेच्या बाजूला १५ मिलिमीटर आत. पानं चारच्या पटीत. ग्लॉस पेपर टाळा, ट्यूबलाइटखाली पान तिरकं धरलं की अर्धी ओळ चमकून जाते. मॅप्लिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, स्वस्त पडतो, पण तो शाई पितो आणि पसरवतो. त्यावर जायचं ठरलंच तर मुक्ताचं वजन एक पायरी खाली आणा आणि बालू एक्स्ट्रा बोल्ड नकोच.

डिजिटल प्रूफ हातात आलं की मोठ्यांनी वाचू नये, मुलाला वाचायला द्यावं आणि बोट कुठे थांबतं ते बघावं. एकाच शब्दावर दोन मुलं अडली तर तो शब्द मोठा करा, तोडा किंवा बदला. डिजिटलवर टोनर कडेला स्वच्छ उमटतो, ऑफसेटवर अक्षर थोडं जाड येतं, एवढं मनात धरून प्रूफ वाचा.

पुस्तक छापून झालं की त्याच फोल्डरमध्ये वापरलेल्या फॉन्टच्या फाइली, डाउनलोडची तारीख लिहून, जपून ठेवा. मोफत फॉन्ट अधूनमधून सुधारले जातात. दुसऱ्या आवृत्तीला नवी फाइल घातली आणि तिच्यात मापं जराशी बदललेली असली, तर चोविसाव्या पानावरची शेवटची ओळ पानाबाहेर जाते.